शाई कोणाची, यंत्र कोणाचे?

तालुक्याच्या गावातील एका माध्यमिक शाळेचे कार्यालय डोळ्यांसमोर आणावे. वार्षिक परीक्षा दोन दिवसांवर आली आहे. नववीच्या प्रश्नपत्रिका छापून गठ्ठे बांधायचे आहेत. मुख्य लिपिकाने आदल्या संध्याकाळी बसस्थानकाजवळच्या दुकानातून प्रिंटरचे कार्ट्रिज भरून आणले आहे. शाई आहे, कागद आहे आणि नवलाची गोष्ट म्हणजे वीजही आहे. तरीही यंत्र हलत नाही. पडद्यावर एक ओळ उमटते: बसवलेले कार्ट्रिज अस्सल नाही, सबब छपाई होणार नाही. गेल्या वर्षी याच दुकानात भरलेल्या कार्ट्रिजवर याच यंत्राने निमूटपणे दोन परीक्षा पार पाडल्या होत्या.

यंत्र बिघडले, असे शिपाई म्हणतो. त्याचे हे निदान चुकीचे आहे. यंत्र उत्तम स्थितीत आहे आणि दिलेला हुकूम चोख बजावत आहे. फक्त तो हुकूम शाळेचा नाही. ज्या कंपनीने ते विकले आणि पूर्ण पैसे घेऊन पावती दिली, तिचा आहे. विकलेल्या वस्तूवर विक्रेत्याचा ताबा विक्रीनंतरही चालू राहावा काय, हा अर्थशास्त्राच्या आणि कायद्याच्या पुस्तकांतील जुना प्रश्न अशा रीतीने शाळेच्या कार्यालयात येऊन बसला आहे.

लिहिण्याचे साधन आणि शाई यांचे नाते एके काळी सरळ होते. दौत एका कारखान्याची, टाक दुसऱ्याचा, शाईची पूड तिसऱ्याची. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईची पूड आणि वड्या यांपासूनच आपल्या उद्योगाचा आरंभ केला. ती शाई कोणत्या फाउंटन पेनात भरावी, हे ठरवण्याचा अधिकार पेनाच्या कारखानदाराने कधी मागितला नाही. पुढे कचेऱ्यांत सायक्लोस्टाइल यंत्र आले. गेस्टेटनरच्या यंत्रावर कोरसचे स्टेन्सिल चढवताना कोणा कारकुनाला परवानगीची आवश्यकता भासली नाही. हात काळे होत, पण यंत्र मालकाचे ऐकत असे.

प्रिंटरच्या धंद्याचे गणित निराळे आहे. घरगुती व लहान कार्यालयांसाठीचा इंकजेट प्रिंटर फार कमी किमतीला, पुष्कळदा उत्पादनखर्चाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली विकला जातो. नफा ठेवलेला असतो तो शाईत. समजा, प्रिंटर तीन हजार रुपयांना मिळाला आणि आठशे रुपयांच्या कार्ट्रिजमध्ये एकशेवीस पाने निघाली, तर एका पानाला केवळ शाईचेच साडेसहा रुपयांहून अधिक पडले. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला तेच पान दोन-तीन रुपयांत देतो आणि त्यातून दुकानाचे भाडेही भरतो. शिवाय नव्या यंत्राबरोबर येणारे पहिले कार्ट्रिज पुष्कळदा अर्धवट भरलेले असते. खोक्यावर लिहिलेली पानांची संख्या ठरावीक नमुना-पानांवरून मोजलेली असते. दाट मजकुराची, आकृत्यांची प्रश्नपत्रिका त्या मापात बसत नाही. गिऱ्हाईक दुकानात यंत्राची किंमत पाहते. शाईची किंमत त्याला घरी गेल्यावर, तीही हप्त्याहप्त्याने कळते.

या पद्धतीला पाश्चात्त्य देशांत दाढीच्या पात्याचा नमुना असे म्हणतात आणि तिचे जनकत्व जिलेट या गृहस्थाला देतात: दांडा फुकटाच्या भावात द्यावा आणि पात्यांवर जन्मभर कमवावे. पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे छापली गेलेली ही कथा तपासली असता मात्र उलटीच निघते. १९०४ साली पेटंट मिळाल्यानंतर जिलेटने आपला वस्तरा पाच डॉलरला, म्हणजे त्या काळच्या मानाने चैनीच्या किमतीला विकला. दांडा स्वस्त झाला तो १९२१ साली पेटंटची मुदत संपल्यावर, स्पर्धक बाजारात शिरू लागले तेव्हा. शिकागो विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक रँडल पिकर यांनी हा सारा इतिहास उकलून दाखवला आहे. यातील बोध अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. दांडा स्वस्त देऊन पात्यांवर कमवायचे तर पाती दुसऱ्या कोणाला बनवता येऊ नयेत, अशी तजवीज आधी करावी लागते. ती नसेल तर स्वस्त दांडा म्हणजे स्पर्धकांना दिलेली भेट. पात्याच्या बाबतीत ही तजवीज कठीण होती. शाईच्या बाबतीत ती करण्याचा पहिला मोठा प्रयत्न संगणकाच्या कितीतरी आधी झाला, आणि तो ज्या यंत्राबाबत झाला ते यंत्र आपल्या कचेऱ्यांतील सायक्लोस्टाइलचे सख्खे भावंड होते.

शिकागोची ए. बी. डिक कंपनी मिमिओग्राफ नावाचे स्टेन्सिलवरून प्रती काढण्याचे यंत्र विकत असे. प्रत्येक यंत्रावर एक सूचना चिकटवलेली असे. तिचा आशय असा, की या यंत्राचा परवाना केवळ याच कंपनीचा स्टेन्सिल-कागद, याच कंपनीची शाई आणि तिचेच अन्य साहित्य वापरण्याच्या अटीवर दिलेला आहे. यंत्र जवळपास उत्पादनखर्चालाच विकले जाई आणि नफा कागद व शाई यांवर काढला जाई. शाईवर कंपनीचे पेटंट नव्हते, यंत्रावर होते. न्यूयॉर्कमधील एका व्यापाऱ्याने ही अट ठाऊक असूनही असे यंत्र घेतलेल्या एका महिलेला आपल्याकडील शाईचा डबा विकला. त्या एका डब्यावरून खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. मार्च १९१२ मध्ये न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी कंपनीच्या बाजूने कौल दिला. यंत्राचे पेटंट आहे, म्हणून त्याच्या वापराला अट घालता येते आणि ती मोडण्यास मदत करणारा शाईविक्रेताही पेटंटभंगाचा भागीदार ठरतो, असे बहुमताने ठरले.

त्या निकालात सरन्यायाधीश व्हाइट अल्पमतात होते. त्यांच्या भिन्नमतपत्रिकेतील दृष्टान्त आजही वाचनीय आहेत. ही अट वैध मानली तर पेटंट घेतलेला रंधा विकणारा सुताराला सांगू शकेल की, अमक्याच्याच रानातील झाडांचे लाकूड या रंध्याने तासावे. आणि पेटंट घेतलेले स्वयंपाकाचे भांडे विकणारा गृहिणीला बजावू शकेल की, या भांड्यात आमच्याकडून घेतलेलेच अन्न शिजवावे. भांड्यावरचा हक्क अशा रीतीने धान्याच्या बाजारावरचा हक्क होऊन बसेल, ही त्यांची भीती होती. ती अतिशयोक्ती नव्हती, हे अमेरिकेच्या विधिमंडळालाही पटले असावे. दोनच वर्षांत, १९१४ साली, क्लेटन कायदा संमत झाला. त्याच्या तिसऱ्या कलमाने, स्पर्धकाचा माल वापरणार नाही अशा अटीवर माल विकण्यास किंवा भाड्याने देण्यास, स्पर्धेचा त्यामुळे संकोच होत असेल तेथे, मनाई केली. १९१७ साली चित्रपट दाखवण्याच्या यंत्रावरून झालेल्या खटल्यात न्यायालयाने आपला १९१२ चा निर्णयही मागे घेतला.

क्लेटन कायद्याच्या या कलमाची कसोटी १९३६ साली लागली. आयबीएम कंपनी आपली गणकयंत्रे भाड्याने देई आणि त्यांत आपलीच छिद्रपत्रे, म्हणजे पंचकार्डे, वापरण्याची अट घाली. कंपनीचा बचाव असा होता की, पुठ्ठा हलका निघाला तर यंत्र चुकीची बेरीज करील आणि बदनामी मात्र आमची होईल. आज शाईच्या संदर्भात ऐकू येणारा युक्तिवाद शब्दशः हाच आहे. न्यायालयाने तो नाकारला. पत्रांचा दर्जा कसा असावा, हे कंपनीने खुशाल जाहीर करावे. त्या दर्जाची पत्रे इतर कारखानदार बनवू शकत असतील तर त्यांना वाट अडवण्याचे कारण नाही. याच खटल्यातून एक मौजेची गोष्ट उघड झाली. अमेरिकेच्या सरकारला कंपनीने स्वतःची पत्रे स्वतः बनवण्याची मुभा दिली होती. त्यासाठी सरकार पंधरा टक्के जास्त भाडे मोजत होते. परकी पत्रे यंत्राला खरोखरच घातक असती, तर पंधरा टक्के जादा भाड्याने ती निरुपद्रवी कशी झाली असती?

येथवरची लढाई कागदावरची होती. अट यंत्रावर चिकटवलेली असे किंवा करारात लिहिलेली असे; गिऱ्हाइकाला ती वाचता येई आणि न्यायालयाला रद्द करता येई. गेल्या पंचवीस वर्षांत बदलले आहे ते हेच. अट कागदावरून उठली आणि कार्ट्रिजवरच्या नखाएवढ्या चिपमध्ये जाऊन बसली. प्रिंटर चिपला सांकेतिक प्रश्न विचारतो, तिने ठरलेले उत्तर दिले तरच काम सुरू करतो. करार मोडणाऱ्यावर पूर्वी दावा लावावा लागे. आता तो मोडताच येत नाही, त्यामुळे दाव्याची गरजच उरली नाही.

चिपलाही कायद्याचे कवच मिळवून देण्याचा प्रयत्न झाला. लेक्समार्क कंपनीने २००२ च्या अखेरीस स्टॅटिक कंट्रोल या चिप बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावला. आधार घेतला तो चित्रपट व संगीत यांची चोरी रोखण्यासाठी १९९८ साली झालेल्या प्रताधिकार-कायद्याचा. कार्ट्रिजमधील काही डझन बाइटांच्या चिमुकल्या आज्ञावलीला वाङ्मयाचा दर्जा द्यावा आणि तिच्यापर्यंत पोहोचणाऱ्याला वाङ्मयचोर ठरवावे, अशी ही मागणी होती. खालच्या न्यायालयाने प्रथम ती मानली. २००४ साली वरिष्ठ न्यायालयाने ती फेटाळली. त्याच लेक्समार्कने पुढे पेटंटची वाट धरली. सवलतीच्या किमतीत विकलेले कार्ट्रिज एकदाच वापरावे आणि रिकामे झाल्यावर कंपनीलाच परत करावे, अशी तिची अट होती. रिकामी कार्ट्रिज भरून विकणाऱ्या वेस्ट व्हर्जिनियातील एका लहानशा कंपनीने ती मानण्यास नकार दिला. मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वस्तू एकदा विकली म्हणजे तिच्यावरील पेटंटचा हक्क संपला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी जुन्या मोटारी दुरुस्त करून विकणाऱ्या गॅरेजचा दाखला दिला. मोटारीच्या हजारो सुट्या भागांपैकी प्रत्येकाचा पेटंटधारक विक्रीनंतरही हक्क सांगू लागला, तर ते गॅरेज एक दिवसही चालणार नाही.

निकाल स्वागतार्ह होता, यात शंका नाही. पण तो येईपर्यंत यंत्रे निकालाच्या पुढे निघून गेली होती. १३ सप्टेंबर २०१६ या एकाच दिवशी निरनिराळ्या देशांतील एचपी कंपनीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी परकी कार्ट्रिज एकाएकी नाकारली. कित्येक मालकांना कार्ट्रिजच सदोष वाटले, कित्येकांनी ते फेकून नवे आणले. वस्तुतः कित्येक महिने आधी यंत्रांत उतरवलेल्या अंतर्गत आज्ञावलीत ती तारीख लिहून ठेवलेली होती. सुरक्षेसाठी सुधारणा, असे समजून मालकाने जिला दार उघडले, तिनेच घरात कुलूप आणून लावले. ओरड झाल्यावर कंपनीने आपण हे नीट सांगायला हवे होते, अशी दिलगिरी व्यक्त केली आणि ज्यांना हवे त्यांना कुलूप काढण्याची सोय दिली. अमेरिकेत या प्रकरणी पुढे १५ लाख डॉलरवर तडजोड झाली. इटलीच्या स्पर्धा-प्राधिकरणाने डिसेंबर २०२० मध्ये कंपनीला एक कोटी युरोचा दंड केला. प्रिंटर विकताना ही मर्यादा ग्राहकाला स्पष्टपणे सांगितली नव्हती, हा त्यातील मुख्य आक्षेप. पद्धत मात्र बंद झाली नाही. आता खोक्यावर बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते, एवढाच फरक.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे, असे म्हणता येणार नाही. बनावट माल अस्सल म्हणून विकला जातो, ही तक्रार खरी आहे आणि तिच्यासाठी व्यापारचिन्हांचा कायदा आहे. हलक्या शाईने छपाईचे शीर्ष तुंबते, हेही कोणी अनुभवी कारकून नाकारणार नाही. अर्थशास्त्रज्ञांपैकी काहींनी याहून वजनदार मुद्दा मांडला आहे. यंत्र स्वस्त आणि शाई महाग ठेवली, की कमी छापणाऱ्याला यंत्र परवडते आणि जास्त छापणारा जास्त देतो. वीजमंडळ नाही का युनिटागणिक आकारणी करत? वरवर पाहता ही वाटणी न्याय्य दिसते. पण कमी वापर असलेल्या इंकजेटमध्ये शाई वाळते आणि शीर्ष साफ करण्यात पुष्कळ शाई वाया जाते, त्यामुळे थोडे छापणाऱ्याचा फायदाही दिसतो तेवढा नाही. आणि जास्त छापणारा म्हणजे कोण? मोठ्या कंपन्या घाऊक करार करून सुटतात. उरतात त्या अनुदानावर चालणाऱ्या शाळा, वकिलांची लहान कार्यालये, अर्ज छापून देणारे केंद्रचालक. खर्चाचा बोजा यंत्राकडून शाईकडे सरकवताना तो श्रीमंताकडून गरिबाकडे सरकत नाही ना, हे पाहण्याची काळजी या सिद्धान्तात कोणी घेतलेली नाही.

दर्जाच्या युक्तिवादाचीही एकदा अनपेक्षित परीक्षा झाली. महासाथीच्या काळात जगभर चिपांचा तुटवडा पडला. जानेवारी २०२२ मध्ये कॅनन कंपनीच्या जर्मन शाखेला कार्यालयीन यंत्रांसाठीची आपली स्वतःची टोनर-कार्ट्रिज चिपेविना पाठवावी लागली. यंत्रे ती परकी समजून इशारे देऊ लागली. तेव्हा कंपनीनेच ग्राहकांना पत्रक काढून सांगितले की, इशारा आला तरी अमुक बटण दाबून पुढे जावे. छपाईच्या दर्जावर परिणाम होणार नाही. मग ती चिप दर्जासाठी नव्हती तर कशासाठी होती, याचे उत्तर त्या पत्रकात अर्थातच नव्हते. एचपीचे त्या वेळचे प्रमुख एन्रिके लोरेस यांनी जानेवारी २०२४ मध्ये एका दूरचित्रवाणी मुलाखतीत ते अधिक प्रांजळपणे दिले. प्रिंटर घेणारा प्रत्येक ग्राहक ही कंपनीने केलेली गुंतवणूक असते; तो पुरेसे छापत नसेल किंवा कंपनीचे साहित्य वापरत नसेल तर ती गुंतवणूक वाईट ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. पैसे मोजून यंत्र घेणारा गुंतवणूकदार आणि यंत्र विकणारा विक्रेता, ही साधी समजूत येथे उलटी झालेली आहे.

भारतात या नमुन्याचे काय झाले, हा या कथेतील सर्वांत उद्बोधक भाग आहे. येथे तो प्रथमपासूनच धड चालला नाही. २००५ साली आलेला एचपीचा लेझरजेट १०२० आणि त्याचे ‘बारा ए’ कार्ट्रिज हे देशातील कचेऱ्यांत टाइपरायटरइतके परिचयाचे झाले. त्या कार्ट्रिजवर चिप नव्हती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत ते उघडून झाडून, ड्रम आणि ब्लेड बदलून, टोनरची पूड भरून देणारी दुकाने उभी राहिली. एकेक कार्ट्रिज अनेक वेळा भरले जाई. आयटीआयमधून बाहेर पडलेल्या, नोकरी न मिळालेल्या कित्येक तरुणांचे पोट या काळ्या पुडीने भरले. पुढच्या मॉडेलांत चिप आली, तेव्हा याच दुकानांत बदलीच्या चिपाही मिळू लागल्या; वाया गेलेली शाई मोजणारा गणक भरला म्हणून यंत्र थांबले, तर तो पुन्हा शून्यावर आणून देण्याचे कामही हीच मुले करू लागली. इंकजेटच्या बाबतीत त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. प्रिंटरच्या कुशीला शाईच्या चार बाटल्या लावायच्या आणि बारीक नळ्यांनी ती शाई आत न्यायची. दिसायला ओबडधोबड, पण पानाचा खर्च काही पैशांवर आणणारी ही व्यवस्था भारतात, इंडोनेशियात आणि इतर अनेक देशांत पसरली.

यावर कंपन्यांपुढे दोन मार्ग होते. एक, कुलूप आणखी घट्ट करण्याचा. दुसरा मार्ग एप्सन कंपनीने धरला. शाईच्या टाक्या बसवलेला एल मालिकेतील प्रिंटर तिने २०१० साली प्रथम इंडोनेशियात आणला आणि लवकरच तो भारतातही आला. यंत्राची किंमत तिने पूर्वीच्या दुप्पट-तिपटीच्या घरात नेली आणि शाई बाटलीत भरून स्वस्त विकली. लॅमिंग्टन रोडवरची नळ्यांची युक्तीच कारखान्यात जाऊन, हमीपत्रासह परत आली, असे म्हटले तरी चालेल. पुढे कॅनन आणि एचपी यांनीही टाकीचे प्रिंटर काढले. ज्या बाजारात ग्राहकाने बांधून घेण्यास नकार दिला, त्या बाजारात यंत्राची खरी किंमत यंत्रावर आणि शाईची खरी किंमत शाईवर लिहिली गेली, आणि तसे करून कंपन्या बुडाल्या नाहीत. कुलूप नसेल तर उद्योगच टिकणार नाही, या दाव्याला याहून चांगले उत्तर कोणत्याही न्यायालयाने दिलेले नाही.

म्हणून येथे प्रश्न सुटला असे समजणे मात्र भाबडेपणाचे होईल. नव्या लेझर यंत्रांत चिपा आहेत. परदेशांत इंटरनेटशी सतत जोडलेले राहण्याच्या आणि कंपनीचीच शाई वापरण्याच्या अटीवर सवलत देणाऱ्या योजना आल्या. मासिक वर्गणीत शाई पुरवणाऱ्या योजनेत वर्गणी थांबली, की त्यातील कार्ट्रिज शाई शिल्लक असूनही छापणे थांबवते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत एचपीने प्रिंटरच मासिक भाड्याने देण्याची योजना सुरू केली. आयबीएमच्या भाड्याच्या यंत्रांपाशी गाडी पुन्हा येऊन थांबली आहे.

आपल्याकडील कायदा या बाबतीत कागदोपत्री दुबळा नाही. जोडविक्री हा शब्द कोणाला अपरिचित असेल, त्याने गॅसची जोडणी हवी तर शेगडीही आमच्याकडूनच घ्या, असे वितरक बजावत ते दिवस आठवावेत. मक्तेदारी व निर्बंधक व्यापार प्रथा कायद्याने १९६९ सालीच असल्या सौद्यांची दखल घेतली होती; ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध लोकमत जागे केले. १९७० च्या पेटंट कायद्याचे १४० वे कलम तर जणू ए. बी. डिकचा खटला समोर ठेवून लिहिल्यासारखे आहे. पेटंट असलेली वस्तू विकताना, अन्य वस्तू विक्रेत्याकडूनच घ्यावी किंवा दुसऱ्याकडून घेऊ नये, अशी अट करारात घालणे या कलमानुसार बेकायदेशीर आहे. अडचण आहे ती ‘करारात’ या एका शब्दाची. चिप करार करत नाही. ती फक्त नकार देते.

२००२ च्या स्पर्धा कायद्यातही जोडविक्रीविरुद्ध तरतूद आहे. पण २०२३ च्या दुरुस्तीने तिला स्पष्टीकरण जोडले की, उद्योगसंस्था आणि अंतिम ग्राहक यांच्यामधील करारांना ती लागू होणार नाही. ज्याला संरक्षणाची सर्वांत अधिक गरज, त्याच्यापुरते ते दार बंद झाले. उरते चौथे कलम, म्हणजे बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर. येथे कंपन्यांचे उत्तर ठरलेले असेल: प्रिंटरच्या बाजारात चार-पाच कंपन्या आहेत, वर्चस्व कोणाचेच नाही. या उत्तराची छाननी करण्याची साधने आपल्या स्पर्धा आयोगाने एकदा वापरलेली आहेत. मोटारींच्या सुट्या भागांच्या प्रकरणात २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मोटारी विकण्यात स्पर्धा असेल, पण एकदा मोटार घेतल्यावर तिच्या भागांचा बाजार हा त्या त्या कंपनीचा स्वतंत्र बाजार ठरतो आणि त्यात ती एकटीच असते, हे आयोगाचे सूत्र होते. तीन कंपन्यांच्या अपिलांत २०१६ साली दंडाची रक्कम कमी झाली. मूळ निष्कर्ष टिकला. मोटारीच्या जागी प्रिंटर आणि सुट्या भागाच्या जागी कार्ट्रिज ठेवले, तर युक्तिवादात फारसे काही बदलावे लागत नाही. मोटारीपेक्षा प्रिंटर फेकून देणे सोपे आहे, हा आक्षेप येईल. तो ज्यांना सुचतो, त्यांनी अनुदानित शाळेच्या सादिलखात्याची वही एकदा पाहावी.

सरकारच्याच दोन हातांमधील विसंगतीही येथे नमूद करायला हवी. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजचाही समावेश आहे आणि त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळही उघडले. पण भरता येण्याजोगे कार्ट्रिज भरू न देणाऱ्या चिपेबद्दल यांपैकी कोठेच अवाक्षर नाही. युरोपीय संघाने २००३ साली अमलात आलेल्या आपल्या पहिल्या ई-कचरा निर्देशातच म्हटले होते की, पुनर्वापर अशक्य करणारी रचना उत्पादकांनी मुद्दाम करू नये. ते कलमही तेथे फारसे उपयोगात आले नाही, पण निदान प्रश्न ओळखला गेला होता.

न्यायालये आणि आयोग आपापल्या गतीने चालतील. त्यांची वाट न पाहता करता येण्याजोगी एक गोष्ट सरकारच्या हाती आहे. शासकीय कार्यालयांची खरेदी आता मोठ्या प्रमाणावर जेम या संकेतस्थळावरून होते आणि देशात प्रिंटर घेणारे सरकारएवढे मोठे गिऱ्हाईक दुसरे नाही. निविदेच्या अटींत यंत्राचा वेग, कागदाचा आकार, हमीची वर्षे असे सारे असते. कोणत्याही उत्पादकाचे, योग्य दर्जाचे आणि पुन्हा भरलेले कार्ट्रिज यंत्र स्वीकारील, तसेच विक्रीनंतर त्यात बदल केला जाणार नाही, असे एक वाक्य तेथे आणखी घालता येईल. १९३६ साली अमेरिकेच्या सरकारने अशी मुभा मिळवली होती, तीही पंधरा टक्के जादा देऊन आणि फक्त स्वतःपुरती. निविदेतील हे वाक्य वाचून तयार झालेले यंत्र मात्र सरकारी कचेरीबरोबर तालुक्याच्या शाळेतही पोहोचेल, कारण कारखान्यात दोघांसाठी दोन निराळ्या आज्ञावली ठेवणे कंपन्यांनाच परवडणारे नाही.